पाण्याचा ण

भावना माझ्याकडे आली तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तिला ण म्हणता येत नव्हता. पाण्याला ती पानी म्हणे, लोण्याला लोनी. शब्दाच्या मध्ये ड आला की त्याचा र होई. गाडीची गारी, वाडीची वारी. ळ आला की ल. आज मी याला दोष म्हणणार नाही. तेव्हा मात्र वहीत तिच्या नावापुढे 'दोष' असाच मथळा घातला होता आणि खाली तीन अक्षरं लिहिली होती: ण, ड, ळ.

डोंबिवलीत आमच्या सोसायटीचा एक छोटा हॉल आहे. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यावर नुसतं घरी बसवेना, म्हणून शनिवारी-रविवारी सकाळी मी तिथे मुलांचा वाचनाचा वर्ग घेते. गोष्टी मोठ्याने वाचायच्या, कविता पाठ म्हणायच्या, जोडाक्षरं गिळायची नाहीत, एवढंच. मुलांना घाई असते, मला नसते. 'घाई नाही, बाळा. जीभ वर. पुन्हा एकदा,' हे माझं वाक्य आमच्या वॉचमनलाही पाठ आहे.

भावनाला घेऊन तिचे वडील आले होते. खाडीकडच्या गावातले गोविंदाशेठ. त्यांचे आजोबा मिठागरात राबले. आता त्याच जमिनीवर दोन चौदा मजली इमारती उभ्या आहेत आणि दोन्हींच्या फाटकावर त्यांच्या घराण्याचं नाव आहे. एवढा मोठा माणूस, पण माझ्या हॉलच्या दाराशी चपला काढून उभा राहिला. पोरीने शाळेत धडा वाचला की वर्ग हसतो, असं त्यांनी सांगितलं.

"बाई, आमचा काय, आमचा झाला आता," ते म्हणाले. "हिला तुमच्यासारखा बोलाया शिकवा."

त्यांच्या मागे त्यांची बायको शालू उभी होती. ती एक शब्दही बोलली नाही. मला वाटलं, अबोल असेल. माझ्यासमोर तोंड उघडायची तिला भीती वाटत होती, हे पुढे भावनानेच मला सांगितलं.

ऑगस्टमध्ये केदार आला. केदार माझा जुना विद्यार्थी. ठाण्यात त्याची अॅनिमेशनची कंपनी आहे. मी वर्गात वर्षानुवर्षं वाचून दाखवत आलेली 'उधाणी' ही कादंबरी तो पडद्यावर आणणार होता. उधाणी ही मिठागरातली मुलगी. तिने बांधावर उभं राहून हाक मारली की खाडीचं पाणी उठून वाफ्यांत येतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या आवाजाला ओळखत नाही. कोरड नावाचा राक्षस गावाचं पाणी शोषायला येतो, तेव्हा ही पोर एकटी त्याच्यापुढे उभी राहते. पुस्तक कुणा शाळामास्तरांनी पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेलं, त्यामुळे त्यातले सगळे, अगदी खेकडेसुद्धा, शाळामास्तरांसारखं बोलतात.

केदारला मुलांचे आवाज ऐकायचे होते. त्याने सगळ्यांना उधाणीची हाक म्हणायला सांगितली: 'पाण्या रे पाण्या, खाडी सोडून ये.' एकेक जण म्हणत गेला. केदार खिडकीशी डोळे मिटून उभा होता. भावनाची पाळी आली तेव्हा तिने मान खाली घालून म्हटलं:

"पान्या रं पान्या, खारी सोरून ये."

मुलं हसली. केदारने डोळे उघडले आणि आवाज कुणाचा म्हणून विचारलं. खरखरीत, पोटातून येणारा, भरतीआधी खाडी वाजते तसा तो आवाज होता. वर्ग सुटल्यावर केदार मला म्हणाला, "बाई, आवाज फिक्स. हीच. फक्त ते ण-बिण तेवढं करून द्या. डायलॉग सगळे पुस्तकातलेच ठेवतोय. फेब्रुवारीत रेकॉर्डिंग."

मी म्हटलं, देते. जाहीर होईपर्यंत कुणाला सांगू नका, असं त्याने बजावलं होतं, म्हणून मी फक्त तिच्या आईवडिलांना आणि तिला सांगितलं. दुसऱ्या शनिवारी भावना वर्गाच्या तासभर आधी येऊन जिन्यात बसली होती. त्यानंतर दर शनिवारी ती अशीच यायची. तिला जगात एकच गोष्ट हवी होती, उधाणी व्हायचं. आणि उधाणी आणि तिच्यामध्ये फक्त एक अक्षर उभं होतं, असं मीच तिला सांगितलं होतं.

ण शिकवायची माझी एक पद्धत आहे. साखरेचा एक दाणा बोटाने मुलाच्या टाळूला चिकटवायचा, जरा मागे, जिथे ण म्हणताना जीभ लागते तिथे. मग सांगायचं, ण म्हण आणि तो दाणा चाट. गोडीसाठी जीभ बरोबर जाते. आठवड्याभरात भावनाला सुटा ण आला. पण शब्दात तो टिकेना. म्हणून दुसरी पद्धत: वर्गात बोलताना जितक्यांदा पानी, लोनी, गारी होईल तितके चिंचोके एका पत्र्याच्या डब्यात टाकायचे. मी कधी ओरडले नाही, कधी कान पिळला नाही. नुसता चिंचोका डब्यात पडल्याचा आवाज यायचा.

डबा उर्वीकडे असे. उर्वी आमच्याच इमारतीतली, भावनाहून वर्षाने मोठी. तिची आई ऋजुता बँकेत अधिकारी. उर्वीसारखा कान मी इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. ती वॉचमनसारखी खाकरायची, लिफ्टमधल्या बाईसारखं 'कृपया दरवाजा बंद करा' म्हणायची, आणि महिन्याभरात ती हुबेहूब भावनासारखी बोलायला लागली. चिंचोका टाकता टाकता ती भावनाचं वाक्य तसंच्या तसं परत म्हणे, त्याच खरखरीत आवाजात. वर्ग पोट धरून हसे. भावनाही हसे. न हसून तिला चाललंच नसतं.

मी ते थांबवलं नाही. स्वतःची चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आली की लवकर सुटते, हे माझं जुनं तंत्र. पुढे पुढे तर मीच सांगायची: "उर्वी, जरा भावनासारखं म्हणून दाखव." उर्वी उभी राहून दाखवायची. भावना ऐकायची. आणि पुढच्या वेळी तिची जीभ अचूक वर जायची.

घरी काय होतं हाही प्रश्न होता. दोन तास शिकवायचं आणि बाकी सगळे दिवस कानावर पानी पडायचं, मग कसं व्हायचं? मी शालूला बोलावलं आणि समजावून सांगितलं की मुलीशी शुद्ध बोला. जमत नसेल तर फेब्रुवारीपर्यंत जरा कमी बोला. शालूने मान हलवली. दिवाळीनंतर भावना मला हसत हसत सांगत होती की आई आता जेवायला खुणेने बोलावते, आणि बापूस... ती थांबली, आणि बाबा, म्हणाली, बाबा घरी आले की टीव्ही लावून बसतात. मी म्हटलं, छान. थोडे दिवस कळ काढा.

डिसेंबरच्या एका रविवारी वर्ग सुटला आणि डबा रिकामा होता. मी तिच्याकडून पंधरा ओळी म्हणवून घेतल्या. पाणी, लोणी, उधाणी, खाडी, सगळं जिथल्या तिथे. आवाजातली खरखरही बरीच उतरली होती. पोटातून येणारा आवाज आता स्वच्छ गळ्यातून येत होता. मला ती सुधारणाच वाटली. मी तिला जवळ घेतलं. ती माझ्या साडीत तोंड खुपसून म्हणाली, "बाई, आता मी उधाणी ना?" मी म्हटलं, तूच.

जानेवारीत केदारने मालिकेचा छोटा टीझर लोकांपुढे आणला. चित्र सुंदर होतं. त्यात उधाणी गोरीपान होती, डोळे निळसर, अंगात परीसारखा झगा. हाक कंपनीतल्याच कुणा मुलीने तात्पुरती म्हटलेली, शुद्ध. तीन दिवसांत गहजब झाला, आणि तो सुरू केला दिपेशने.

दिपेश हा गोविंदाशेठचा पुतण्या. कल्याणच्या कोर्टात वकिली करतो, राहतोही तिकडेच. भावनाची निवड झाल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. गोविंदाशेठ शब्दाला पक्के, त्यांनी सख्ख्या पुतण्यालाही सांगितलं नव्हतं. त्याने लिहिलं की उन्हात मीठ ओढणारी पोर गोरी कशी, आणि तिच्या तोंडात पुण्याची साखर कुणी भरली? आमच्या पणज्यांच्या टाचा मिठाने फाटल्या, त्यांची गोष्ट सांगायची तर त्यांच्या रंगात आणि त्यांच्या बोलीत सांगा. ते हजारो लोकांनी पुढे पाठवलं. त्याचं म्हणणं खरं होतं. मला ते आजही खरंच वाटतं.

केदार घाबरला, पण तो हुशार मुलगा. आठ दिवसांत त्याने सगळं उलटं केलं. उधाणी सावळी झाली, गुडघ्यापर्यंत लुगडं नेसली, टाचांना भेगा आल्या. तिच्या तोंडचे सगळे संवाद बोलीत लिहून घ्यायचं ठरलं, आणि बोलीचा सल्लागार म्हणून त्याने खुद्द दिपेशलाच नेमलं. मग मला फोन केला.

मी म्हटलं, मग तर भावनाच. तिच्या घरचीच बोली.

"ऑफ कोर्स भावनाच, बाई," तो म्हणाला. "पण आता लोक बघतायत ना. उगाच कोणी बोलायला नको की ओळखीतली घेतली. एक छोटी टेस्ट करू. दोघींचा आवाज रेकॉर्ड करायचा, नावं सांगायची नाहीत, दिपेशने नंबर सांगायचा, सही करायची. फॉर्मॅलिटी. दुसरी कोणीतरी द्या तुमच्याच वर्गातली."

मी उर्वीचं नाव दिलं. चुणचुणीत आहे, आणि हरली तरी मनाला लावून घेणार नाही, एवढाच विचार केला.

आता गोष्ट लपवायचं कारण नव्हतं. दिपेशला कळलं तेव्हा तो भावकीत नाचला म्हणे. आपण भांडलो ते आपल्याच घरच्या पोरीसाठी, हे त्याला फार आवडलं. मी मात्र त्या दोन आठवड्यांत भावनाला काहीच शिकवलं नाही. तिला म्हटलं, आता तू तुझं नेहमीचं बोल. ती बरं म्हणाली. ती मला 'नेहमीचं म्हणजे कुठलं' असं विचारणार होती, असं मला नंतर वाटत राहिलं. पण ती माझी शहाणी मुलगी. बाईंना उलट प्रश्न विचारायचा नाही, हेही तिने शिकून घेतलं होतं.

ठाण्याला केदारच्या ऑफिसात आम्ही सकाळी अकराला पोचलो. गोविंदाशेठनी सगळ्यांना आपल्याच गाडीतून आणलं, उर्वीला आणि ऋजुतालाही. शालू नवी साडी नेसली होती आणि तिच्या मांडीवर पेढ्यांचा मोठा डबा होता. दिपेश यायचा होता. तो येण्याआधी दोघींचे आवाज घ्यायचे असं ठरलं होतं.

काचेच्या खोलीत आधी भावना गेली. हेडफोन तिला मोठे होत होते, केदारने ते मागून चिमटीत धरून बसवले. समोर कागद होता. त्यावर बोलीत हाक लिहिली होती आणि खाली चारेक ओळी.

भावना म्हणाली, "पाण्या रे पाण्या, खाडी सोडून ये."

इतका सुंदर ण मी माझ्या सगळ्या नोकरीत ऐकला नव्हता. केदार बटण दाबून म्हणाला, अगं, कागदावर आहे तसं म्हण, तुमच्या घरच्यासारखं. तिने कागद वाचला. तिचे ओठ आधी नुसते हलले. मग ती म्हणाली, "पान्या," आणि थांबली, कारण तिची जीभ वर गेली होती. मला काचेतून दिसलं. ती रिकाम्या टाळूवर साखर शोधत होती. परत म्हणाली. या वेळी न आला, र आला, सगळं कागदाबरहुकूम आलं. पण ती हाक राहिली नव्हती. परक्या गावचा पत्ता एकेक अक्षर लावत वाचावा, तसं ते झालं. केदारने सहा वेळा घेतलं. सहाव्या वेळी तिने काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी नेहमीप्रमाणे हाताने खूण केली: घाई नाही. पुन्हा एकदा.

दारात गोविंदाशेठ उभे होते. त्यांना राहवलं नाही, त्यांनी दार ढकलून सांगितलं, "बाय, आपल्या घरी बोलतस तसा बोल ना."

भावना म्हणाली, "हो, बाबा."

गोविंदाशेठनी दार हळूच ओढून घेतलं. घरी ती कसं बोलते हे त्यांनाही त्या क्षणी आठवलं असावं.

मग उर्वी गेली. तिने कागदाकडे पाहिलंही नाही. गेले सहा महिने जे ती दर शनिवारी-रविवारी करत आली होती तेच तिने केलं; खांदे जरा पाडले, हनुवटी खाली घेतली, आणि पोटातून हाक मारली:

"पान्या रं पान्या, खारी सोरून ये."

ऑगस्टमधली भावना होती ती. तीच खरखर, तोच रं जरा लांबवलेला. म्हणून झाल्यावर उर्वी सवयीने थांबली, हसण्याची वाट बघत. कुणी हसलं नाही. तिने गोंधळून काचेतून आमच्याकडे पाहिलं. केदारचा हात बटणावर तसाच राहिला होता. माझ्या शेजारी बाकावर भावना बसली होती. ती हसली नाही, रडली नाही. आपलं हरवलेलं दप्तर दुसऱ्याच्या पाठीवर दिसावं तशी ती बघत होती.

दिपेश बाराला आला. केदारने ठरल्याप्रमाणे त्याला आतल्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन दिले आणि समोर एक कागद ठेवला. मी केदारच्या शेजारी होते. बाकीचे बाहेर होते, पण दार उघडं होतं.

एक नंबर त्याने अर्ध्यातच थांबवला. "ही शिकवलेली पोरगी आहे," तो म्हणाला. "वाचून दाखवते. एकेक अक्षर धुऊन वाळत घातलंय. आमच्यात असं कोण नाय बोलत."

दोन नंबर त्याने तीनदा ऐकला. तिसऱ्या वेळी त्याने चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाला, "ही. अशी माझी आजी बोलायची. ही आपली भावना." कागदावर दोनचा आकडा लिहून त्याने सही केली आणि दाराकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघितलं काका? मी म्हटलेलो ना, रक्तातलं लपत नाय."

केदारने माझ्याकडे पाहिलं. सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण कठीण गोष्टी हळू सांगण्याची सवय मला आहे. मी सांगितलं.

दिपेशने आधी मान हलवली, मग परत ऐकतो म्हणाला. हेडफोन त्याने उचललेही. केदार फार नम्रपणे बोलला. तो म्हणाला की ऐक, हजारदा ऐक, पण सही झालीय यार. आता बदललं तर तुझीच माणसं म्हणतील की आवाजावर दोन नंबर निवडली आणि मग घरची पोरगी बसवली. एवढं सगळं तू कशासाठी केलंस मग? दिपेश वकील माणूस. आपणच सही केलेला कागद त्याने पुन्हा वाचला आणि हेडफोन खाली ठेवले.

केदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, भावनाला रिकामं नाही पाठवायचं. काय उच्चार तयार केलेत तुम्ही, मानलं. पंडित बगळा तिला देऊ."

पंडित बगळा हे पुस्तकातलं छोटं पात्र. तो बांधावर एका पायावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या चुका काढतो. फार शुद्ध बोलतो आणि पाणी त्याचं कधीच ऐकत नाही. मुलांना तो फार आवडतो; त्याच्या पानावर ती हमखास हसतात.

मी भावनाजवळ जाऊन बसले. तिला बगळ्याचं सांगितलं. छान काम आहे, स्पष्ट वाणीचं आहे, सगळ्यांना नाही जमत, असं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"बाई," ती म्हणाली, "मग मी आता घरी कसं बोलू?"

मी म्हटलं, "शुद्ध बोल, बाळा. त्याने कधी कुणाचं नुकसान होत नाही."

ते वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज आलं की मलाही ते लगेच ऐकू आलं नाही.

निघायची वेळ झाली. ऋजुता शालूकडे गेली आणि मनापासून म्हणाली की हे सगळं तुमच्या भावनामुळेच, तिच्या संगतीत उर्वी हे शिकली. ती चांगली बाई आहे, तिला आणखी काय सुचणार? पेढे तर आणलेले होते. शालूने डबा उघडला आणि पहिला पेढा उर्वीच्या हातावर ठेवला. सहा महिन्यांत माझ्यासमोर ती पहिल्यांदा बोलली.

"घे बाय," ती म्हणाली. "तोंड गोर कर."

उर्वीने पेढा तोंडात टाकला. खाता खाता तिचे ओठ हलले. गोर. ती तो शब्द ठेवून घेत होती.

पुढचे सहा महिने रेकॉर्डिंग चाललं. भावना वर्गाला यायची बंद झाली, पण ठाण्याला ती जायची, असं केदार सांगे. एकही वार चुकवत नाही, तयारीने येते, बगळ्याचे संवाद तिने स्वतःच सुधारले, फार मजा आणली. मला बरं वाटलं. पोस्टर लागले तेव्हा त्यांवर सावळी उधाणी होती आणि खाली लिहिलं होतं, 'अस्सल आगरी बोलीत'. उर्वीच्या मुलाखती झाल्या. तिने प्रत्येक ठिकाणी प्रामाणिकपणे सांगितलं की मी एका मैत्रिणीचं ऐकून शिकले. त्या मैत्रिणीचं नाव कुणी विचारलं नाही.

ऑक्टोबरमध्ये कल्याणच्या एका नाट्यगृहात पहिला भाग दाखवला. वर्गातली सगळी मुलं आली होती. मी त्यांच्या मधोमध बसले. पुढच्या रांगेत खाडीकडच्या गावची माणसं होती, बायका दागिने घालून आलेल्या. उधाणीने हाक मारली आणि खाडी उठून आली तेव्हा त्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका ओक्साबोक्शी रडल्या. उर्वीचा आवाज खरोखर तसाच होता.

मग बांधावर बगळा आला. एका पायावर उभा राहिला, मान तिरपी केली, चष्म्यावरून खाली पाहिलं. उधाणी धापा टाकत सांगत आली की कोरड आला, पानी आटला. सगळं गाव मरायला टेकलेलं. बगळा शांतपणे म्हणाला:

"पानी नाही, पाणी. घाई नाही, बाळा. जीभ वर. पुन्हा एकदा."

माझा आवाज होता तो. 'बाळा' म्हणताना मी आवाज जरा खाली आणते, ते होतं. 'पुन्हा' नंतर मी किंचित थांबते, तेही होतं. उर्वीचा कान चांगला म्हणून मी तिचं कौतुक करत आले होते. माझ्यासमोर दुसरा कान सहा महिने गप्प बसून ऐकत होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पडद्यावर पाणी आटत होतं आणि बगळा ण शिकवत होता. नाट्यगृह हसत होतं. माझ्या दोन्ही बाजूंची मुलं आधी हसली, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तोंडावर हात ठेवून आणखी हसली. बगळा सात वेळा आला. सातही वेळा लोक हसले. मीही हसले. न हसून चाललं नसतं.

संपल्यावर मी बाहेर आले. गाड्या लावतात तिथे दिव्याच्या खांबाखाली भावना आईवडिलांबरोबर उभी होती. बरीच उंच झाली होती. तिने वाकून नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काम फार छान झालं, असं म्हटलं. ती म्हणाली, तुमच्यामुळेच, बाई. तिच्या बोलण्यात टोचेल असं काहीही नव्हतं. मी शोधलं. नव्हतं.

गोविंदाशेठना ही भेट लवकर आटपायची होती. ते म्हणाले, "चल बाय, गारी भायेर काढतंव."

भावनाने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान किंचित तिरपी केली.

"गारी नाही, बाबा, गाडी," ती म्हणाली. "घाई नाही. जीभ वर. पुन्हा एकदा."

तिची थट्टा चालली आहे का, हे बघायला मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. ती वाट बघत होती, मी बघते तशी, अजिबात न रागावता. शालूने पदर तोंडाशी नेला आणि दुसरीकडे पाहिलं. गोविंदाशेठनी एकदा माझ्याकडे पाहिलं. किल्ली त्यांच्या हातात होती. माणसं बाजूने जात होती.

"गाडी," ते म्हणाले.

"छान," भावना म्हणाली.